शेणाचं घर आणि एकशे तेरा डिग्री

एडिसन, न्यू जर्सी
8 मार्च 2026

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा मधेच “बर्फ किती पडला?” असं विचारतात आणि गोष्ट तिथंच गोठते. म्हणून कागदावर लिहितोय.

गेल्या सोमवारी तुमचा मुलगा गुड्डीच्या वर्गात पुस्तक वाचायला गेला होता. 2 मार्च हा डॉ. स्यूस या इथल्या बालसाहित्यिकाचा वाढदिवस. 1998 पासून शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्या निमित्तानं मुलांना पुस्तकं वाचून दाखवायची प्रथा पाडली आहे. आपण तीनच दिवस आधी, 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालून भाषणं ऐकतो. हे लोक आईबापांनाच धरून खुर्चीत बसवतात. खुर्ची पाच वर्षांच्या पोट्ट्यांच्या मापाची. बसलो तर गुडघे कानाला लागले आणि उठलो तर खुर्ची सोबत आली.

येणारा पालक कोण, हे मुलांना आधी सांगत नाहीत. नुसत्या खुणा कळवायच्या आणि त्यांनी ओळखायचं. मी कळवलं, ‘माझ्या गावाकडे संत्र्याच्या बागा आहेत.’ सगळा वर्ग ओरडला, “फ्लोरिडा!” दुसरी खूण दिली, ‘माझ्या गावाच्या नावात एक माणूस कंसात बसलेला आहे.’ आता बाईच गोंधळल्या. त्यांना समजावलं, की महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ. दाभाडे, ढमढेरे, दशासर. त्यातलं आमचं नेमकं कळावं म्हणून कंसात श्यामजी पंत. एका मुलीनं विचारलं, “ते अजून आत आहेत?”

पुस्तक म्हणून आई, तू दिवाळीच्या पार्सलात पाठवलेलं काऊ-चिऊचं चित्रांचं पुस्तक नेलं होतं. पानं मराठी, तोंड इंग्रजी. पहिल्याच पानावर घात झाला. कावळ्याचं घर शेणाचं, हे मी अगदी शालीन शब्दांत सांगितलं. कोणालाच कळलं नाही. मग तुमची नात उभी राहिली आणि तिनं एका शब्दात भाषांतर केलं, “पूप!”

पुढची चार मिनिटं वर्गात वाचन झालं नाही.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, लेखक कोण? फळ्यावर नाव लिहायची पद्धत आहे. माझ्या तोंडून निघालं, “माझी आई.” मग लाज वाटली आणि खरं सांगितलं. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आहे, चक्रधरस्वामींनी सांगितलेली. फक्त तिथं चिमणीच्या जागी साळई आहे. आणि म्हाइंभटांनी तो ग्रंथ सिद्ध केला तो आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. सातशे वर्षं ऐकून बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. फळ्यावर मात्र ‘गुड्डीची आजी’ असंच राहिलं. आई, तू आता न्यू जर्सीत लेखिका आहेस.

पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात आला. तू सांगायचीस तसा मी प्रत्येक वेळी आवाज बदलून सांगत होतो. थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला पावडर लावते. लहानपणी मला या चिमणीच्या टापटिपीचं कोण कौतुक! इथली पोट्टी सरळ कावळ्याच्या बाजूनं गेली. तो भिजतोय, आधी दार उघड, बाळाची आंघोळ नंतर होईल. एकानं तर चिमणीला वाईट शेजारीण ठरवून टाकलं. शेवटी कावळ्याला तव्याचा चटका बसतो, तो भाग माझ्या अंगाशी आला असता. तेव्हा दोन पानं एकदम उलटली आणि त्याला चुलीशेजारी शेकायला बसवलं.

तरी एक जाड चष्म्याचा मुलगा हात वर करून बसलेलाच. म्हणाला, “पण चिमणीचं घर मेणाचं. मेण वितळतं.” बाई म्हणाल्या, पावसात कसं वितळेल? गुड्डी म्हणाली, “मे महिन्यात. आमच्या तळेगावात पंचेचाळीस डिग्री असतं.” इथे पंचेचाळीस म्हणजे स्वेटरची हवा. मुलं बेफिकीर. मी फॅरनहाइटमध्ये सांगितलं, एकशे तेरा. बाईंनी स्वतः गणित करून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तव्यावरूनच उठून आलोय.

मग काय! चिमणीचं घर मे महिन्यात ओघळून गेलं, असं वर्गानं सर्वानुमते ठरवलं. ती बाळाला घेऊन कावळ्याकडे गेली, कारण शेणाचं घर थंड. याला पुरावा गुड्डीनं दिला. माझी आजी अंगणात हातानं शेण सारवते, तिथं उन्हाळ्यात पाय पोळत नाहीत, मी झोपलेय पण. ‘हातानं’ या शब्दाशी बाई उठल्या आणि सगळ्या वर्गाच्या तळहातांवर सॅनिटायझर घातलं. माझ्याही. आई, तुझा हात हजारो मैलांवर असूनही त्यांनी धोका पत्करला नाही.

कावळ्यानं दार लगेच उघडलं का, यावर मात्र दोन तट पडले. काहींचं म्हणणं, त्यानंही आधी “थांब, बाळाला पावडर लावतो” म्हणायला हवं होतं. घंटा झाली म्हणून मी सुटलो.

आता काम. बाईंना सारवलेल्या अंगणाचा फोटो वर्गात लावायचा आहे. सडा-सारवण झालं की सकाळी सकाळी काढा, रांगोळीसकट. आणि बाबा, तुम्ही मागच्या ओट्यावर बनियनवर पेपर वाचत बसता, ते त्या वेळी तेवढं कंसाबाहेर राहा.

तुमचा,
बंड्या