मंडळाचा बेस कसा निवडावा

डॉल्बीची सुपारी द्यायला जाताना फक्त इंच विचारावेत. ‘अठराचे किती देणार?’ एवढंच, तेही छाती काढून. दुसरं काही विचारलं की समोरचा आपल्याला नवखा समजतो आणि रेट वाढवतो.

एवढ्यात खजिनदार वही उघडतील. अठराचा एक घेण्यापेक्षा बाराचे दोन घेऊ. बारा दुणे चोवीस, सहा इंच फुकट! त्यांना लिहू द्यावं. मग हळूच सांगावं, की हवा ढकलतं ते स्पीकरच्या कोनचं क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. बाराचा वर्ग १४४, दोघांचे मिळून २८८. अठराचा एकट्याचाच ३२४. हे सांगताना आवाज नरम ठेवावा, वर्गणीच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते.

आता ‘इंच म्हणजेच बेस’ असं सगळ्या मंडळाचं मत होईल. होऊ द्यावं. खरं तर कोन किती मोठा, याच्याइतकंच तो पुढेमागे किती हलतो यालाही महत्त्व असतं. बंद बॉक्समध्ये ८० हर्ट्झला कोन २ मिलिमीटर हलत असेल, तर तेवढाच दणका ४० हर्ट्झला काढायला त्याला ८ मिलिमीटर हलावं लागतं. लहान कोन तिथे आधी दमतो आणि आवाज फाटतो. पण टेम्पोत जागा नाही म्हणून सुताराकडून बॉक्स लहान करून घेतला, तर अठराचाही उपयोग नाही. आतली कोंडलेली हवा कोनला रेटते आणि सर्वांत खालचे सूरच गायब होतात. त्यापेक्षा नीट मापाच्या बॉक्समधला पंधराचा परवडला, पण हे मिरवणुकीत बोलू नये. पंधराच्या मंडळाला कोणी विचारत नाही.

ठरवण्याआधी जाळी काढायला लावावी. चार बोटं कोनवर सारख्या अंतरावर ठेवून अलगद आत दाबावं. खर्र आवाज आला तर कॉइल घासतेय, बहुधा मागच्या वरातीत जळालेली आहे. अशा वेळी ‘सेटिंग आहे’ असं उत्तर मिळेल. ते ऐकून घ्यावं आणि पुढच्या दुकानात जावं.

बॉक्सचं तोंड कुठे करायचं यावर बैठकीत वाद होईल. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. बॉक्स तिच्यापुढे एवढासा, त्यामुळे ती मागेही तितकीच जाते. अध्यक्षांचं घर टेम्पोच्या पाठीमागे असलं, तरी सुटका नाही.

राहिला कायदा. २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. ही मर्यादा ज्या ‘ए’ मापात मोजतात, ते ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरतं. म्हणजे मीटर शांत, आणि शेजारच्या आजींच्या कपाटातल्या बरण्या नाचतायत. हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये; तिथे ‘आवाज मर्यादेत होता’ एवढं पुरे.