श्नित्सेलचा अंगरखा

स्टुटगार्टच्या भाचीने रात्री व्हिडिओ कॉल केला आणि फोन थेट ताटावर धरला. ताटभर पसरलेलं सोनेरी, खरबरीत काहीतरी, शेजारी लिंबाची फोड. "मामा, बघा, पूटनश्नित्सेल! टर्कीचं आहे, एकदम हेल्दी."

जालन्यात टर्की हा शब्द आम्हाला टॉवेलपुरताच ठाऊक. पण तिचा हिशेब चोख होता. टर्कीच्या छातीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिनं सुमारे 24 ग्रॅम, चरबी जेमतेम दीड-दोन ग्रॅम, कॅलरी 110-115. पहिलवानानं नमस्कार करावा असा पक्षी!

"मग हे सोनेरी काय आहे?" मी विचारलं.

हिशेबाची वही इथे अडखळली. आधी म्हणे मांसाचा काप बडवून पातळ करायचा, मग मैद्यात घोळवायचा, फेटलेल्या अंड्यात बुडवायचा, वरून पावाचा चुरा लावायचा आणि तळायचा. बारीक अंगाला कापड कमी लागतं, हा शिंप्याचा नियम इथे उलटा. काप जितका पातळ, तितका पसरट. जितका पसरट, तितका अंगरखा मोठा. आणि तेल पितो तो अंगरखाच.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "म्हणजे भजीच की! तेल नीट तापलं होतं का?"

प्रश्न जर्मनीतही तोच. तेल तापलेलं असलं की आतल्या पाण्याची वाफ बाहेर धावते आणि तेलाला आत शिरू देत नाही. कोमट तेलात श्नित्सेल काय, पुरी काय, तेल पिऊन तर्र होते. बाहेर काढल्यावर वाफ निवते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून लगेच निथळून घ्यायचं.

भाचीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, कारण आम्ही कुठले शहाणे? मोसंबीचा आमचा जिल्हा. मोसंबी किती गुणकारी ते पाहुण्याला सांगता सांगता त्याच्या रसात दोन चमचे साखर ढवळतो. उपासाच्या दिवशी साबुदाणावडे तळतो.

"मग खाऊ की नको?"

"अगं, गार होतंय, खा आधी," मामी म्हणाली. "लिंबू पीळ वरून."

फोन ठेवल्यावर तिने पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि कढईकडे पाहिलं.

"मेथी पौष्टिक असते," मी घाईनं म्हणालो.