धरणफेरीचे यजमान

चाकण औद्योगिक पट्ट्यातील निघोजे, महाळुंगे, कुरुळी या गावांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जो एक नवा मनुष्यविशेष उदयाला आला आहे, त्याला कोणत्याही कोशात नाव नसल्यामुळे येथे सोयीसाठी ‘धरणफेरीचा यजमान’ असे म्हटले आहे. धरणफेरी म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला जेवणानंतर जरा लवंडण्याची उसंत न देता गाडीत बसवून पवना धरणाच्या जलाशयाभोवती फिरवून आणणे. आणि यजमान म्हणजे ही गाडी हाकणारा, वाटभर निवेदन करणारा, परंतु स्वतः एकदाही पाण्याकडे न पाहणारा गृहस्थ. पाहुणा बहुतेक वेळा बायकोच्या माहेरचा असतो, ही बाब व्याख्येत बसत नसली तरी व्यवहारात तिला अपवाद कमी.

या यजमानाची घडण समजायची तर निघोज्याच्या शिवाराचे काय झाले ते ठाऊक हवे. इंद्रायणीकाठच्या या गावाची जमीन एमआयडीसीने, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, संपादित केली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला, आणि जेथून ज्वारीची पोती निघत तेथून मोटारी निघू लागल्या. परिणामी यजमानाच्या लेखी त्याची स्कॉर्पिओ ही विकत घेतलेली वस्तू नसून घरचे पीक असते. पाहुण्याने दार जरा जोरात लावले तर उभ्या पिकात कोणाचे गुरू शिरावे तसा त्याचा चेहरा होतो, आणि ‘हिची जिथं जोडणी होते ना, तिथं आपली विहीर होती’ हे वाक्य चाकणच्या चौकाआधी उच्चारले गेले नाही, तर ती फेरी शास्त्रशुद्ध मानता येत नाही.

चौकाआधी असे म्हणण्याचे कारण असे की चौकानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावरील कोंडी, जिला स्थानिक बोलीत नुसते ‘जाम’ म्हणतात, ती कंटेनरांच्या रांगांनी बनलेली असून तिच्यात यजमानाची वाणी विशेष फुलते, कारण प्रत्येक कंटेनरमध्ये काय आहे आणि त्याचा वाहतूकदार कोणाचा मेहुणा आहे हे त्याला ठाऊक असते. पुढे वडगाव व कामशेत मागे टाकून, बेडसे लेण्यांचा फाटा ‘पुढच्या वेळी’ या सदरात टाकून, गाडी पवनानगरला पोहोचते. जुनी माणसे या गावाला अजून काळे कॉलनीच म्हणतात, आणि यजमान दोन्ही नावे घेत असल्यामुळे पाहुण्याचा समज दोन गावे लागली असा होतो.

मावळ तालुक्यातील हे धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट, असून त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. ज्याला आता तंबूवाल्यांच्या पाट्यांवर ‘पवना लेक’ म्हणतात, त्याला शेतकरी धरणाचा ‘फुगवटा’ म्हणतात, कारण नदी अडवल्यावर पाणी मागे फुगत जाते. या दोन शब्दांत तंबूच्या एका रात्रीच्या भाड्याचे अंतर आहे.

फेरी उजवीच घालायची, असा यजमानाचा दंडक असतो. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात; भारतीय मोटारीत चालकही उजवीकडेच बसतो; त्यामुळे तिकोना पेठेकडून निघून जवण, मोरवे, तुंग या बाजूने लोणावळ्याच्या अंगाला जाऊन दुधिवरे खिंडीतून परतेपर्यंत जलाशय चालकाच्या खिडकीत राहतो आणि डावीकडे बसलेल्या पाहुण्याच्या वाट्याला डोंगराची दरड येते. किनारा इतका वेडावाकडा आहे की रस्ता मैलोगणती पाण्याला सोडून जातो, पण यजमान निवेदन थांबवत नाही. परिसरात लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले आहेत. समोर जो दिसेल तो लोहगड, असा त्याचा सुटसुटीत सिद्धांत आहे आणि चारांत एकदा तो खराही ठरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वाघेश्वराचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, तेव्हा मात्र तो गाडी थांबवतो, काच खाली करून हात जोडतो आणि काच वर करतो, कारण एसी चालू असतो.

त्याची नजर खरी खिळते ती पाणी आणि रस्ता यांमधल्या पट्ट्यावर. हा पट्टा तो गुंठ्यांत पाहतो. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. परंतु चाकण पट्ट्यात ते नुसते क्षेत्रफळाचे माप राहिलेले नाही, त्यात सोयरिकीही मोजतात. सूर्यास्ताच्या वेळी पाणी तांबूस झाले की त्याच्या तोंडून ‘व्ह्यूला चार पैसे जास्तच द्यावे लागणार’ असा उद्गार निघतो, आणि सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तो हसण्यावारी नेऊ नये. मग कणसे भाजणाऱ्या म्हाताऱ्याला तो विचारतो, ‘काय मामा, गुंठ्याला काय भाव चाललाय?’ निखाऱ्यावर वारा घालीत म्हातारा म्हणतो, ‘आमची पाण्यात गेली.’ यजमान म्हणतो, ‘आमची कंपनीत.’ ‘पैसं मिळालं का?’ ‘मिळालं. गाडी घेतली.’ म्हातारा गाडीकडे एकदा पाहून घेतो आणि कणसाला लिंबू जरा जास्त चोळतो. फेरीतल्या याच एका थांब्यावर यजमान गप्प असतो, आणि कणसाचे पैसे देताना घासाघीसही करीत नाही.

परतीच्या जाममध्ये वाणी पूर्ववत होते. निघोज्यात शिरताना एखादा चौकस पाहुणा विचारतो, की आंद्रा धरणातून सोडलेले पाणी इंद्रायणीतून येथेच येते ना, आणि बंधाऱ्यावर उचलून चिखलीला शुद्धीकरणासाठी नेतात ना, मग घराजवळचा तो बंधारा तेवढा दाखवा. यजमानाला या मागणीचे मनापासून नवल वाटते.

‘तिथं काय बघायचंय, पाव्हणं?’ तो गाडी फाटकातून आत घेत म्हणतो. ‘नुसतं पाणीच तर आहे.’