कोरियन प्रेममालिका आणि अकरा वर्षांचा प्रेक्षक

कोरियन प्रेममालिका साधारण 16 भागांची असते आणि एकेक भाग तासाभराहून मोठा असतो. नायक-नायिकेने एकमेकांचा हात धरेपर्यंत त्यातले बरेच भाग उलटतात. ती लहान मुलांनी पाहावी की नाही, हे ठरवायला मोठ्यांना त्यामुळे भरपूर सवड मिळते. कोल्हापुरातल्या घरांत मात्र निकाल लागतो तो चहाचा कप घेऊन खोलीतून जाता जाता, आणि नेमके त्याच क्षणी पडद्यावर चुंबन चालू असते.

कायद्याने पालकांची सोय केली आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवरील मालिकांना यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ किंवा ए असा वयोगट लावावा लागतो. 13 वर्षांखालील मुलांनी यूए 13+ मालिका पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावी, अशी अपेक्षा असते. ‘गृहपाठ झाला का?’ असे स्वयंपाकघरातून ओरडून विचारले की मार्गदर्शन पूर्ण होते. पालकांसाठी कुलपाचीही तरतूद आहे. त्याचा पिन बहुधा अकरा वर्षांच्या मुलीनेच घालून दिलेला असतो आणि वडील विसरले की तिलाच विचारतात.

आक्षेप मुख्यतः दोन असतात : चुंबन आणि नायकाचे रंगवलेले केस. त्याच दिवाणखान्यात संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकेत सून दुधात विष कालवते आणि एकच थोबाडीत तीन कोनांतून तीनदा बसते. हे सगळे घर ताटे घेऊन एकत्र पाहते. त्याची गणना संस्कारांत होते.

खऱ्या आक्षेपाची जागा वेगळी आहे. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ (2009, 25 भाग) या गाजलेल्या मालिकेत लाँड्रीवाल्याची मुलगी श्रीमंतांच्या शाळेत जाते. तिथे चार धनाढ्य मुलांची टोळी आहे. त्यांचे लाल कार्ड ज्याला मिळते, त्याच्यामागे सगळी शाळा हात धुऊन लागते. या टोळीचा म्होरक्या हाच नायक. मुलीचे मनगट धरून तिला फरफटत नेणे हे त्याचे प्रेम. या फरफटीत चुंबन नसल्याने मोठ्यांची तिला हरकत नसते.

कोल्हापूरला कात्री नवी नाही. इथल्याच बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटातला (1920) कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापला. बाईवर हात टाकणाऱ्याला तेव्हा निदान भीम तरी भेटत असे. शिक्षा प्रेक्षकांना दिसली नाही, एवढेच. कोरियन मालिकेत कीचक सुधारतो आणि जावई होतो.

तेव्हा मालिका योग्य की अयोग्य, हे एका प्रश्नावर ठरते : ‘तुझ्या वर्गातल्या मुलाने असे मनगट धरले, तर तू काय करशील?’ तो विचारण्यासाठी निदान एक भाग मुलीशेजारी बसून पाहावा लागतो. असे बसलेले पालक सहसा पुढचा भागही लावतात, आणि मग झोपायला मुलीलाच पाठवले जाते.