मागच्या बाकावरचे मतदार

१९५४ ते १९५७ अशी जेमतेम तीन वर्षं नारायण ज्ञानदेव पाटील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत होते. त्यानंतर ते साठाहून अधिक वर्षं जगले. मुंबईच्या गिरणी कामगारांत राबले, विधान परिषदेत बसले, मंत्री झाले, कोल्हापुरातून विधानसभेवर निवडून आले, शेतकरी कामगार पक्षाचे सरचिटणीस तर कितीतरी वर्षं होते. तरी सभेच्या पत्रकावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, फार काय, १७ जानेवारी २०२२ ला आलेल्या त्यांच्या निधनाच्या बातमीतही ते ‘प्रा. एन. डी. पाटील’च राहिले. एरवी आपल्याकडे सहा महिने राज्यमंत्री राहिलेला गृहस्थसुद्धा ‘माजी मंत्री’ ही पाटी मरेपर्यंत गाडीवरून उतरवत नाही. इथं मंत्रिपद लोक विसरून गेले, आणि साताऱ्यातली तीन वर्षांची मास्तरकी मात्र सदऱ्यावर पडलेल्या हळदीच्या डागासारखी बसली ती बसलीच. कितीही धुवा.

मला वाटतं, याचा दोष थोडा ते कॉलेज काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांकडे जातो. एन. डी. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. साताऱ्यात ते नुसते अर्थशास्त्राच्या तासापुरते प्राध्यापक नव्हते. ‘कमवा व शिका’ योजनेचे प्रमुख होते, वसतिगृहाचे रेक्टरही होते. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेत रेक्टर असणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घंटा झाली की तास संपतो, ही सोय रेक्टरला नसते. सकाळी पोरांबरोबर कुदळ, दुपारी फळा, रात्री कुणाचा कंदील अजून जळतोय आणि कुणाचा उगाच जळतोय याची फेरी. अशी तीन वर्षं इतरांच्या तिसांच्या बरोबरीची. अशा माणसाला पुढं सगळा महाराष्ट्र एक मोठं वसतिगृह वाटू लागला, तर त्यात नवल ते काय!

त्यांचं भाषण म्हणजे तासच. आवाज मैदानी, पण मांडणी वर्गातली. आधी प्रश्न, मग आकडे, मग आकड्यांमागची लबाडी, आणि मधूनच एखादा चिमटा, मागच्या रांगेतल्यांना जाग यावी म्हणून. कापसाचा भाव असो, विजेचा दर असो, ते सगळं मुळापासून सुरू करायचे. शेतकरी कामगार पक्षाच्या सभेतल्या श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक निराळीच सावधगिरी दिसायची. घोषणा द्यायला आलेला माणूस हळूहळू पाय आखडून नीट मांडी घालून बसायचा. न जाणो, वक्त्यानं मध्येच बोट रोखून विचारलं, ‘तू रे, काय सांगितलं मी आत्ता?’ राजकीय सभेतून माणसं तापून घरी जातात. इथून ती किंचित गृहपाठ मिळाल्यासारखी जायची.

आमच्या भागात असेच एक प्राथमिक शाळेतले गुरुजी होते, अर्थातच लहान मापाचे. गावात शिरगणती त्यांनीच केलेली, मतदार याद्या त्यांनीच दुरुस्त केलेल्या, कुणाच्या घरात किती माणसं आणि त्यांतली किती बोलत नाहीत हे त्यांना तोंडपाठ. कित्येक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून त्यांनी गावाच्या बोटांना शाई लावून घेतली होती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ज्याला सगळं गाव ठाऊक आहे तोच उभा का राहू नये? जिल्हा परिषदेच्या नोकरीचा राजीनामा द्यावा लागला. नोकरीत राहून उभं राहता येत नाही. (एक गंमत जाता जाता सांगतो. विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळे मतदारसंघ आहेत, पण तिथं मत द्यायचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. ज्यानं आख्ख्या गावाला ‘अ आ इ’ गिरवायला लावलं, तो राज्यघटनेच्या हिशेबात त्या दारात शिक्षकच नव्हे!)

तर गुरुजी पंचायत समितीवर निवडून आले. गुलालाच्या मिरवणुकीत ‘एका रांगेत चला’ असं त्यांनी दोनदा ओरडून सांगितल्याचं मला आठवतं. कुणी ऐकलं नाही, पण पुढची दहा-बारा पोरं सवयीनं रांगेत आली. ग्रामसभेत ते आधी मागं बसलेल्यांना पुढं बोलवायचे. ‘गुरुजी, मी हाय की इथंच,’ असं भिंतीला टेकून एखादा म्हणाला की, ‘उभा राहून बोल,’ आणि पन्नाशीचा तो बापय खरोखर उभा राहायचा. एकदा विरोधकांनी त्यांच्याच कारभाराविरुद्ध लेखी निवेदन दिलं. गुरुजींनी खिशातून लाल पेन काढलं, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, ‘भ्रष्ठाचार’ मधला ठ खोडून ट केला, आणि मग खाली ‘मिळाले’ म्हणून सही केली. निवेदन देणारे पुढाऱ्यावर चिडून आले होते. परत जाताना त्यांना गुण किती मिळाले याचीच चिंता लागल्यासारखी दिसत होती.

पुढच्या खेपेला ते पडले. पाडणारा त्यांचाच विद्यार्थी. गावाला वाटलं, गुरुजींना लागलं असेल. ते मात्र येईल त्याला सांगत होते, ‘त्याचा अर्ज बघितला का? एक चूक नाही. चौथीत होता तेव्हा आडनावसुद्धा नीट लिहीत नव्हता.’

राजकारण्याला जे सहन होत नाही आणि शिक्षकाच्या धंद्यातच मुरलेलं असतं, ते हे. पोरं पुढं जातात आणि मास्तर त्याच वर्गात राहतो. दर जूनला नवी तुकडी आणि तोच पहिला धडा. ऐकणारे विसरणार हे गृहीत धरून तो तितक्याच उमेदीनं शिकवायचा. पुढाऱ्याचं सगळं गणित उपकारांच्या आठवणीवर चालतं. शिक्षकाला विस्मरणाची सवय असते. एन. डी. १९४८ साली ज्या पक्षात गेले, त्याच पक्षात शेवटपर्यंत राहिले. दरम्यान भोवतालची माणसं वर्ग बदलत होती, शाळा बदलत होती, काही तर एकाच वर्षात तीन शाळा.

त्यांच्या घरातलीच गोष्ट घ्या. पत्नी सरोजताई म्हणजे शरद पवारांच्या भगिनी. मुळात ते पवारांचं घर शेकापचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचंच. १९६० च्या पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापकडून उभे होते, आणि धाकट्या शरदरावांनी प्रचार केला तो काँग्रेसचा. पुढं १९७८ मध्ये हेच मेहुणे मुख्यमंत्री झाले तेव्हा एन. डी. त्यांच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री होते. सत्तेच्या इतक्या जवळ गेलेला माणूस तिथंच चटई टाकतो. एन. डी. १९८० ला सरकार गेल्यावर जे उठले, ते पुन्हा रस्त्यावर. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पापासून रायगडच्या सेझपर्यंत, समोर कुणाचंही सरकार असो, नातं असो वा नसो. सणावाराला एका पंगतीत बसल्यावर ही मंडळी काय बोलत असतील, याचं मला फार कुतूहल आहे. बहुधा आमटीबद्दल.

शेवटचा तास कोल्हापुरात झाला. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला, आणि ऐंशी ओलांडलेले एन. डी. टोलविरोधी कृती समितीच्या पुढं उभे राहिले. पुन्हा तेच: रस्ता किती, खर्च किती, वसुली किती. लोक हजारोंनी आले. कोल्हापूरकर तापायला वेळ लावत नाहीत. या वेळी तर ते हिशेब शिकून तापले होते, आणि हिशेब कळलेली गर्दी सरकारला जास्त जड जाते. वर्षामागून वर्षं मोर्चे निघत राहिले. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करत असल्याचं सरकारनं जाहीर केलं. तेव्हा प्राध्यापक शहाऐंशी वर्षांचे होते.

आता कोल्हापूर शहराच्या रस्त्यांवर तो टोल नाही. कधी गेलात, आणि गाडीत शाळकरी पोर असेल, तर हा टोल कुणी घालवला एवढं त्याला विचारा. उत्तर आलं नाही तर रागावू नका, पहिल्यापासून सांगा.