एक रुपयाची हजेरी

हजेरीला बक्षीस द्यावं का, यावर अजून खल चालू आहे म्हणे. कशाला? आपल्या सरकारनं 1992 मध्येच भाव काढलाय: दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया, वर्षाला फार तर 220.

आता मुरूडचा कोळीवाडा बघा. आई पहाटेच बोंबील बांबूंवर वाळत घालायला गेली की तिसरीतली पोर घरी. कडेवर धाकटा, त्याच्या नाकाला शेंबूड. तिकडे हजेरीपटावर गैरहजेरीची खूण, रुपया गेला! त्या रुपयात सुका बोंबीलही येत नाही, हा भाग निराळा.

साहेब, रुपया राहू द्या. शाळेशेजारी धाकट्यासाठी तेवढं पाळणाघर काढा.