बागेचा तारणहार

आजोबा शेतकरी होते, एवढ्या भांडवलावर मी डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून आजवर पुष्कळ शेतीसल्ले वाटले. जानेवारीत सहकुटुंब अंबड तालुक्यातल्या एका शेतघरी मुक्कामाला गेलो. तिथे सल्ल्यांना गिऱ्हाईक मिळेना, म्हणून थेट प्रात्यक्षिकच दाखवलं.

पहिल्या संध्याकाळी गोवऱ्यांची आगटी पेटली. यजमान काका निखाऱ्यातलं ज्वारीचं कणीस उचलून तळहातावर चोळायचे आणि हिरवे, टपोरे दाणे सुटायचे. मी चोळलं, तर दाण्यांआधी कातडं सुटायची वेळ आली. मुलांसमोर ओरडायचं कसं? शांतपणे हात वाडग्यातल्या दह्यात बुडवला. ते दही सगळ्यांनी हुरड्यासोबत खायचं होतं. काकूंनी काही न बोलता दुसरं वाडगं आणलं.

सकाळी बागेत गेलो. जालन्याच्या मोसंबीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, असं मुलांना ऐकवत होतो आणि समोर ती मानांकित झाडं सुकून, पानं पिवळी करून उभी! माझ्यातले आजोबा जागे झाले. पलीकडे गव्हाला पाणी चालू होतं. मी बागेकडचा कॉक फिरवला, एका ओळीचं ठिबक टपकू लागलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी धपाटे खायला निघून गेलो.

काकांनी ओल पाहिली. आधी मला चहा दिला, मग सांगितलं, "साहेब, बाग ताणावर सोडलीय. आंबे बहार धरायचाय."

म्हणजे डिसेंबरपासून पाणी मुद्दाम तोडलेलं. त्याने झाडाची वाढ थांबते, अन्न साठतं आणि नंतर पाणी दिलं की फुलं लगडतात. 2012-13च्या दुष्काळात हीच बाग काकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन जगवली होती. त्यांना पाण्याचं महत्त्व पटवायला मी डोंबिवलीहून आलो होतो.

"आता त्या ओळीचं काय होणार?"

"काय नाय. फुलं कमी, नुसता पाला लई फुटंल."

"आमच्या घरीही तेच आहे," बायको म्हणाली.

निघताना नुकसानभरपाई देऊ केली. काकांनी ती माझ्याच खिशात परत कोंबली. काकूंनी हुरड्याची पिशवी हातात दिली. "पुढल्या साली बी या, लेकरायला घेऊन."

"या की," काका म्हणाले, "पण ताण तुटल्यावर."